मोरेन्तेचा 'ओमेगा' फ्लामेंकोत धरायचा का?

रानवारा:
एन्रिके मोरेन्ते (1942–2010) हा स्पेनमधल्या ग्रानादाच्या आल्बायसिन वस्तीतला फ्लामेंको गायक (फ्लामेंको म्हणजे दक्षिण स्पेनचं पारंपरिक गाणं, गिटार आणि नाच). 1996 साली त्याने ग्रानादाच्याच लागार्तिखा निक या रॉक बँडला हाताशी धरून 'ओमेगा' हा अल्बम काढला. त्यात स्पॅनिश कवी लोर्काच्या न्यूयॉर्कवरच्या कविता आहेत आणि कॅनडाचा गायक-गीतकार लेनर्ड कोहेनची गाणी. तेव्हापासून भांडण चालूच आहे. माझ्या मते हा फ्लामेंकोच, आणि तो त्यालाच जमण्यासारखा होता. हा माणूस पोरसवदा असताना माद्रिदला गेला आणि पेपे दे ला मात्रोनासारख्या म्हाताऱ्या गायकापाशी बसून जुने प्रकार शिकला. 1977 मध्ये पेपे आबिचुएलाच्या गिटारवर त्याने जुन्या काळचा गायक आंतोनियो चाकोनला वाहिलेला दुहेरी अल्बम केला. त्या काळी गायक आंतोनियो मायरेनाचा शब्द चाले आणि खितानोंचं (स्पेनमधल्या रोमांचं) गाणं तेवढं अस्सल मानलं जाई. चाकोन खितानो नव्हता, म्हणून बाजूला पडला होता. मोरेन्तेही नव्हता. मोडतोड करण्याआधी त्याने अडगळीत गेलेलं घासूनपुसून परत मांडलं, हे कसं विसरायचं?

मृणाल_क:
चाकोनच्या अल्बमबद्दल वादच नाही, मी तो आजही ऐकते. पण त्या पुण्याईवर 'ओमेगा' पास करू नका. सोलेआ हा फ्लामेंकोतला जुना गानप्रकार घ्या. बारा मात्रांचं आवर्तन, जोर 3, 6, 8, 10 आणि 12 वर. गायक ओळ लांबवतो, जोराला हुलकावणी देतो, आणि गिटारवाला त्याच्या श्वासाकडे कान लावून थांबतो. या दोघांच्या धरण्या-सोडण्यात माझ्यासाठी फ्लामेंको आहे. ढोल आणि विजेच्या गिटारांचा लोंढा कुणासाठी थांबत नाही. गाणं थोर असेल, पण वेगळ्या जातीचं.

रानवारा:
तुम्ही रॉकचे तुकडे तेवढे मोजताय. त्याच अल्बमवर तोमातितो आणि विसेन्ते आमिगो हे फ्लामेंको गिटारवालेही वाजवतात, तिथे तुमचं ते थांबणं आहे की! आणि शीर्षकगीत सोलेआ नाहीच, मग सोलेआची फूटपट्टी कशाला? दहा मिनिटांहून लांब गाणं. त्यात 'गवत' हा एकच शब्द तो पुन्हापुन्हा आणतो, मृतांसाठीच्या कवितेत. एवढ्या गदारोळातही तो आवाज दबत नाही. तो कस जुन्या गाण्यातूनच आलेला आहे.

दिगंबर जोशी:
मला 'ओमेगा' आवडतो, तरी मी मृणालताईंच्या बाजूने. त्रास त्याच्यामागून आलेल्यांचा आहे. मोरेन्तेने आधी शिकून मग मोडलं. आता मोडण्यापासूनच सुरुवात होते. सेगिरियासारखा जुना गानप्रकार धड गाता येत नाही आणि मागे इलेक्ट्रॉनिक ठोके.

सावनी:
सरसकट नको हो. स्पॅनिश गायिका रोसालियाचा 2017 चा पहिला अल्बम ऐका, जवळपास फक्त आवाज आणि गिटार, जुन्या गाण्यांवर उभा. गायिका एस्त्रेया मोरेन्ते तर एन्रिकेचीच लेक, वडिलांकडून शिकलेली. आणि 'शुद्ध' कोण ठरवणार? 1922 मध्ये संगीतकार फाया आणि लोर्का यांनी अस्सल गाणं वाचवायला ग्रानादात स्पर्धा भरवली, धंदेवाईक गायकांना तिथे मज्जाव होता. परीक्षकांचा अध्यक्ष मात्र चाकोन, म्हणजे त्या काळचा सगळ्यात नावाजलेला धंदेवाईक! त्याच्या मालागेन्या (हाही एक गानप्रकार) आज आपण परंपरा म्हणून ऐकतो. त्या त्याने स्वतः घडवल्या होत्या.

मृणाल_क:
चाकोनचा मुद्दा मान्य. पण त्याने नवं घडवलं ते गायक आणि गिटार यांच्या नात्याच्या आत राहून. मोरेन्तेने ते नातंच बदललं, म्हणून दोघांना एका तागडीत तोलायला मी तयार नाही. 1994 मध्ये राष्ट्रीय संगीत पुरस्कार मिळवणारा तो पहिला फ्लामेंको गायक, आणि माझ्या हिशेबी तो मान 'ओमेगा'च्या आधीच्या कामाचा आहे. रानवारा, तोमातितोचे तुकडे आज रात्री परत ऐकते. शीर्षकगीताबद्दल मात्र माझं मत हलणार नाही.