थीब्जची पवित्र तुकडी: १५० जोड्या खरंच होत्या का?

थीब्ज या प्राचीन ग्रीक नगराच्या 'पवित्र तुकडी' या निवडक सैन्यदलात '१५० प्रेमी जोड्या' होत्या, असं निर्विवाद म्हणून सांगितलं जातं. तुकडी ३०० जणांची, हे ठीक. पण ती प्रियकरांची होती हे ग्रीक चरित्रकार प्लुटार्क 'काही जण म्हणतात' अशा सुरात सांगतो, तेही चारशेहून अधिक वर्षांनी. तुकडीच्या समकालीन ग्रीक लेखक झेनोफॉनच्या लेखनात मात्र थीब्ज नि एलिस या नगरांचे लोक प्रियकरांना रणात शेजारी उभे करतात, असा उल्लेख आहे, तोही नापसंतीचाच!

लढाईच्या दृष्टीने महत्त्वाचं वेगळंच. तुकडी उभारणाऱ्या गॉर्गिदासने हे लोक पुढच्या रांगांत विखरून ठेवले, त्यामुळे त्यांचा जोर दिसेना. इ.स.पू. ३७५ ला तेगिराच्या लढाईत ते एकत्र लढले, तेव्हापासून थीब्जचा सेनापती पेलोपिदासने त्यांना फोडलं नाही. इ.स.पू. ३३८ ला खैरोनियाच्या लढाईत तुकडी संपली. तिथल्या सिंहाच्या स्मारकाजवळ सात रांगांत २५४ सांगाडे सापडले. सांगाड्यांवरून नातं कळत नाही, एवढंच.