बोनस सरसकट वाईट नाही

'बोनसने कामातली गोडी जाते, म्हणून तो बंदच करावा' हे मत मला अर्धंच पटतं. ज्या प्रयोगांच्या आधारे हे म्हटलं जातं, त्यातला लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा १९७३ चा प्रयोग नीट बघा. चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांचे तीन गट केले. एकाला 'चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्रक' असं आधीच सांगितलं, दुसऱ्याला ते नंतर अचानक दिलं, तिसऱ्याला काहीच नाही. पुढे मोकळ्या वेळेतला रस घटला तो फक्त पहिल्या गटाचा. म्हणजे घात बक्षिसाने नाही, आधी घातलेल्या अटीने केला.

डेसी, कोस्टनर आणि रायन या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये असे १२८ प्रयोग एकत्र तपासले, त्यातही कंटाळवाण्या कामांत बक्षिसाने नुकसान झालेलं दिसलं नाही. (आपल्यापैकी कितीजणांची कामं रंजक असतात, हा प्रश्न वेगळाच!) महिनाअखेरीला व्हाउचर जुळवत बसणाऱ्याला खुशाल रोख द्या. ज्याला कोडिंगचं वेड आहे त्याला मात्र 'इतके बग, इतके रुपये' असा भाव लावू नका. आणि पगारच तुटपुंजा असेल तर एचआरने 'पॅशन'च्या गप्पा मारूच नयेत.