मिक्सरची जाळी आणि कारागिराचे लक्ष: दोष कोणाचा?

मूळ लेखन (बेकरी कारागीर)
मी अकरा वर्षे लादी पावाच्या बेकरीत काम केले. एका पहाटे पीठ भांड्याच्या कडेला चिकटले म्हणून माझ्या सहकाऱ्याने चालू मिक्सरमध्ये हात घातला आणि फिरत्या आकड्याने त्याची दोन बोटे नेली. त्या यंत्राला जाळी होती. जाळी उचलताच मोटर थांबावी म्हणून बिजागरीपाशी एक लहानसे बटण असते. ते चिकटपट्टीने कायमचे दाबून ठेवलेले होते. मालकांनी एवढेच सांगितले, की त्याचे लक्ष नव्हते. रात्रपाळीच्या दहाव्या तासाला कोणाचेही लक्ष चुकणारच, म्हणूनच तर जाळी असते. चालत्या यंत्राच्या धोकादायक भागांना आडोसा असावा, हे १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या २१ व्या कलमातच सांगितले होते. बटण निकामी ठेवून काम करून घेणाऱ्याने कामगाराला निष्काळजी म्हणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद (बेकरीमालक)
आपल्या सहकाऱ्याबद्दल वाचून फार वाईट वाटले, परंतु सर्व दोष मालकावर टाकणे मला मान्य नाही. माझ्या बेकरीत ती पट्टी मी स्वतः काढतो आणि दुसऱ्या दिवशी कारागिरांनी ती पुन्हा लावलेली असते. शिवाय भाजण्याचे प्रसंग मिक्सरच्या अपघातांपेक्षा कितीतरी अधिक घडतात. भट्टीतून काढलेला ट्रे गरम आहे की थंड, हे डोळ्यांना कळत नाही. ओल्या फडक्याने तो धरला तर फडक्यातल्या पाण्याची वाफ होऊन हात भाजतो, हे मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो, तरीही हाताशी असेल ते फडके उचलले जाते. मुंबईत लाकूड आणि कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत बदलण्याचा आदेश उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला. पण गॅसची भट्टी आली तरी गळतीचा वास आल्यावर आधी काय बंद करायचे, हे कारागिराने शिकायलाच हवे.

मूळ लेखकाचे उत्तर
पट्टी कारागीर लावतात हे खरे आहे. मीही लावली आहे. परंतु आम्हाला मजुरी घाण्यावर, म्हणजे मळलेल्या पिठाच्या प्रत्येक खेपेमागे, मिळत होती, हे आपण विचारात घेतले नाही. यंत्र थांबवून पीठ चाचपायला आणि पुन्हा सुरू करायला अर्धा मिनिट लागतो. रात्रीचे वीस घाणे धरले तरी दहाच मिनिटे होतात. ती दहा मिनिटे ज्याच्या मजुरीतून जातात तो पट्टी लावतो, आणि मजुरीची ही रीत मालकानेच ठरवलेली असते.

प्रतिसाद (छातीविकारांचे डॉक्टर)
आपण दोघेही डोळ्यांना दिसणाऱ्या जखमांविषयीच बोलत आहात. पिठाच्या धुळीने होणारा दमा हळूहळू येतो: आधी शिंका आणि नाक गळणे, मग रात्रीचा खोकला, जो सुट्टीच्या दिवशी कमी होतो आणि कामावर येताच परततो. पाव मऊ व्हावा म्हणून घालतात त्या भुकटीतील विकरेही (एन्झाइम) हा त्रास देतात. इटलीतील वैद्य रामाझिनी यांनी १७०० सालीच बेकरी कामगारांच्या दम्याविषयी लिहिले होते. पोते उंचावरून न ओतता भांड्यात खाली टेकवून रिकामे करणे आणि कोरडा झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून घेणे, याला फारसा खर्च येत नाही.

प्रतिसाद (बेकरीमालक)
डॉक्टरांची सूचना आजपासून अमलात आणतो. मजुरीचा मुद्दा मात्र इतका सरळ नाही, कारण हजेरीवर पगार दिला आणि घाणे कमी निघाले तर लादीचा भाव वाढवावा लागेल, आणि वडापाववाला दुसऱ्या बेकरीकडे जाईल. तरीही एका मिक्सरवरील कारागिरांना महिनाभर हजेरीवर ठेवून पाहतो. त्यांनी तरीही पट्टी लावली, तर माझे पहिले म्हणणे मी मागे घेणार नाही.