पासपोर्टवर एकच नाव, फॉर्मला मात्र दोन हवीत. दुसऱ्या रकान्यात काय लिहायचं?

प्रश्न

पासपोर्टवर एकाच शब्दाचं नाव आहे, आडनाव नाही. अमेरिकेचा व्हिजिटर व्हिसा आणि विमानाचं तिकीट काढायचं आहे. तिकिटाच्या साइटवर नाव आणि आडनाव दोन्हीपुढे लाल तारा आहे, एकही रिकामं ठेवलं की पुढचं पान उघडत नाही. टिंब आणि डॅश घेतले नाहीत, 'एनए' मात्र चाललं. तसंच ठेवून पैसे भरावेत का? वाटेत दोन दिवस दुबईला उतरायचा विचार आहे.

प्रतिसाद १

पैसे भरू नका. तुमच्या लेखी 'एनए' म्हणजे 'लागू नाही', पण संगणकाच्या लेखी ते तुमचं नाव झालं. तिकिटावर तेच छापून येईल आणि काउंटरवर पासपोर्टाशी जुळणार नाही.

आधी व्हिसा. अमेरिकेच्या डीएस-१६० फॉर्मवर याची सूचना स्पष्ट आहे. पासपोर्टवर एकच नाव असेल तर ते आडनावाच्या रकान्यात लिहायचं आणि गिव्हन नेम, म्हणजे स्वतःच्या नावाच्या रकान्यात एफएनयू (FNU) ही तीन अक्षरं टाकायची. ती 'फर्स्ट नेम अननोन'ची आद्याक्षरं आहेत. पासपोर्टवर तुमचं नाव गिव्हन नेमसमोर छापलेलं असलं तरी या फॉर्मवर ते आडनावातच जातं. इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. लोक नाव गिव्हन नेममध्ये ठेवतात आणि आडनावात एफएनयू लिहितात, म्हणजे नेमकं उलटं.

प्रतिसाद २

मला वाटतं सरळ तेच नाव दोन्हीकडे लिहावं. नाव 'अनघा' असेल तर 'अनघा अनघा'. बऱ्याच फॉर्मवर हे चालतं.

प्रतिसाद १

तिकिटावर चालू शकतं, काही विमान कंपन्या स्वतःच तसं सांगतात. व्हिसाच्या फॉर्मवर मात्र कृपया नको. तिथे ज्या त्या देशाचा नियम असतो आणि दोन देशांचे नियम एकमेकांच्या विरुद्धही असतात. कॅनडाचं उदाहरण घ्या. नाव आडनावाच्या रकान्यात लिहा, गिव्हन नेम कोरं ठेवा आणि एफएनयू, तारा किंवा 'लागू नाही' यातलं काहीही लिहू नका, असं त्यांचं इमिग्रेशन खातं सांगतं. अमेरिकेचा फॉर्म समोर ठेवून कॅनडाचा भरला की चूक ठरलेलीच.

प्रतिसाद ३

पासपोर्टचं फोटोचं पान उघडा आणि तळाच्या दोन ओळी बघा. मशीन त्या वाचतं. प्रत्येक ओळीत ४४ जागा असतात. वरच्या ओळीतल्या पहिल्या पाच जागा कागदाचा प्रकार आणि देशाचा कोड यांना जातात, उरलेल्या ३९ नावाला. आधी आडनाव, मग < अशी दोन चिन्हं, मग बाकीचं नाव: देसाई<<अनघा<<<<. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकाप्रमाणे नाव एकच असेल तर ते मुख्य नाव मानतात आणि पुढे शेवटपर्यंत नुसती चिन्हं: अनघा<<<<<<<<. म्हणजे एकच नाव असणं मानकात बसतं. अडचण तिकिटाच्या सिस्टीमची आहे, कारण तिथली नोंद 'आडनाव, तिरकी रेघ, नाव' अशीच होते आणि रेघेची एक बाजू मोकळी ठेवता येत नाही.

त्या मोकळ्या बाजूला काय भरायचं ते विमान कंपनी ठरवते. तीन पद्धती दिसतात: एफएनयू, तेच नाव पुन्हा, किंवा 'मिस्टर-मिस'सारखी उपाधी. यातली उपाधी मला सगळ्यात कच्ची वाटते. बऱ्याच सिस्टीम उपाधी नावाला चिकटवूनच साठवतात. मग नाव कुठलं आणि उपाधी कुठली हे दुसऱ्या कंपनीच्या सिस्टीमला कळत नाही आणि जोडविमान असेल तर ऑनलाइन चेक-इन अडकतं.

म्हणून तिकीट थेट कंपनीकडूनच घ्या. आधी चॅटवर किंवा ईमेलवर विचारा आणि उत्तराची प्रत जवळ ठेवा. प्रवासात दोन कंपन्या असतील तर दोघींना विचारा. नंतर नाव बदलायचं तर पुष्कळदा तिकीट नव्याने काढावं लागतं.

प्रश्नकर्ता

व्हिसावर एफएनयू आणि तिकिटावर नाव दोनदा, असं झालं तर?

प्रतिसाद ३

कंपनी एफएनयू घेत असेल तर तिकिटावरही तेच टाका, म्हणजे व्हिसा आणि तिकीट अक्षरशः जुळतात. घेत नसेल तर कंपनीचा नियम पाळा. पासपोर्टची माहिती भरायचा भाग तिकिटाच्या नावापासून वेगळा असतो, तिथे मात्र पासपोर्टवर आहे तसंच लिहा. आणि ऑनलाइन चेक-इन झालं नाही तर घाबरू नका, काउंटरवर माणूस पासपोर्ट बघून करून देतो. फक्त वेळ हाताशी ठेवून जा.

प्रतिसाद ४

दुबईचा मुद्दा राहूनच गेला आणि तुमच्या बाबतीत तोच सगळ्यात गंभीर आहे. २१ नोव्हेंबर २०२२ पासून संयुक्त अरब अमिराती पासपोर्टवर एकच शब्द असलेल्या माणसाला पर्यटक किंवा व्हिजिट व्हिसावर प्रवेश देत नाही. अशा प्रवाशाला विमानात चढतानाच थांबवतात. पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असेल तर चालेल, असं नंतर कळवलं गेलं. ते पान तपासा. तिथे काही नसेल तर दुबईत उतरायचा बेत सोडा किंवा दुसऱ्या मार्गाने जा. तिकिटावर नाव दोनदा लिहून हे सुटत नाही, कारण ते पासपोर्ट बघतात.

प्रवास पुन्हा पुन्हा होणार असेल, शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी जायचं असेल, तर आधी पासपोर्टमध्ये दुसरं नाव घालून घ्या आणि मगच व्हिसाचा अर्ज करा. क्रम महत्त्वाचा आहे: आधी मूळ ओळखपत्र, मग पासपोर्ट, मग व्हिसा, शेवटी तिकीट. उलट केलंत तर प्रत्येक कागदावर वेगळं नाव येतं आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं प्रतिज्ञापत्र प्रत्येक खिडकीवर दाखवत बसावं लागतं.