गाडीसाठी वेगळं जीपीएस यंत्र घ्यावं की जुना फोन-टॅबच लावावा? मराठवाड्यातल्या रस्त्यांपुरती चर्चा

बालाघाट (धागा सुरू)

भाड्याच्या गाड्या, औषधं आणि बियाणं पोचवणाऱ्या गाड्या, पाहणीसाठी तालुकाभर फिरणाऱ्या गाड्या. यांना रस्ता दाखवायला काय लावावं, यावर दोन तट आहेत. एक म्हणतो, काचेला लावायचं स्वतंत्र जीपीएस यंत्र. दुसरा म्हणतो, घरात पडून असलेला अँड्रॉइड फोन किंवा सात-आठ इंची टॅब घ्या, त्यात ऑफलाइन नकाशा टाका, होल्डर आणि चार्जर जोडा, झालं.

ज्याची गाडी दिवसभर रस्त्यावर असते त्याने स्वतंत्र यंत्रच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. मुख्य कारण ऊन. परभणी-नांदेडकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या घरात असतो, आणि काचेमागचा डॅशबोर्ड त्याहून कितीतरी जास्त तापतो. आयफोन वापरताना भोवतालचं तापमान ० ते ३५ अंश असावं, असं कंपनी स्वतःच सांगते. फोन तापला की आधी स्क्रीन मंद होते, मग चार्जिंग थांबतं, मग ॲप अडखळतं, आणि नेमकं वळणाच्या तोंडाशी सूचना उशिरा येते. स्वतंत्र यंत्र याच जागेसाठी बनवलेलं असतं. गार्मिनच्या अशा यंत्रांची वापराची मर्यादा ५५ अंशांपर्यंत असते. शिवाय किल्ली फिरवली की ते चालू होतं, मध्येच कुणाचा फोन येऊन नकाशा झाकला जात नाही, आणि टेम्पोच्या आवाजातही त्याचा स्पीकर ऐकू येतो.

मांजराकाठ

तुम्ही उन्हाचं म्हणायलात ते खरंय, पण अर्धंच सांगायलात. ५५ अंश ही चालवायची मर्यादा झाली. त्याच यंत्रांच्या माहितीपत्रकात चार्जिंगची मर्यादा ४५ अंश दिलेली असते, कारण आत लिथियमचीच बॅटरी आहे. उन्हात उभ्या गाडीत काचेवर ठेवलं तर तेही फुगणारच.

फोनचं तापणं कमी करता येतं. मागचं कव्हर काढा. होल्डर काचेवर नको, एसीच्या जाळीवर लावा, म्हणजे गार हवा थेट पाठीवर बसते. ब्राइटनेस ऑटोवर ठेवा, वायरलेस चार्जिंग अजिबात नको, हॉटस्पॉट बंद. आठ इंची टॅब मात्र जाळीवर लावू नका, वजनानं पट्ट्या मोडतात. त्याला डॅशबोर्डला स्क्रूनं बसणारा होल्डरच पाहिजे.

आता नकाशाचं बघा. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किमीचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि शेवटचा इगतपुरी ते आमणे ५ जून २०२५ ला. त्याआधीचा नकाशा असलेलं यंत्र जालन्याहून समृद्धीवर नेलं, की त्याच्या दृष्टीनं गाडी शेतातून धावायलीय. ते दर मिनिटाला नवा रस्ता काढत बसतं. समृद्धीवर उतरायला ठरावीक इंटरचेंजच आहेत, एक चुकला तर पुढच्यापर्यंत जावंच लागतं. आणि जुन्या नकाशात छत्रपती संभाजीनगर टाकलं तर सापडत नाही, औरंगाबाद टाकावं लागतं. धाराशिवचं तसंच, उस्मानाबाद लिहा.

वापरलेलं स्वस्त यंत्र घेणाऱ्यांनी आणखी एक तपासा. जीपीएसचा आठवड्यांचा आकडा १०२४ झाला की शून्यावर येतो, आणि असं ६ एप्रिल २०१९ ला झालं. ज्या यंत्राचं फर्मवेअर (आतलं मूळ सॉफ्टवेअर) त्यानंतर कधी अपडेट झालं नाही, त्यातलं एखादं साडेएकोणीस वर्षं मागची तारीख दाखवतं. पोचण्याची वेळ तर चुकतेच, काहींना उपग्रह धरायलाही फार वेळ लागतो. पैसे देण्याआधी मोकळ्या आभाळाखाली चालू करून तारीख बघा.

बालाघाट

नकाशा ताजा हवा हे मान्य, म्हणून अपडेट मिळत नसलेलं यंत्र घेऊच नये. पण ताजा नकाशा म्हणजे बरोबर रस्ता नव्हे. फोनवरच्या लोकप्रिय नकाशांना आपली पाणंद आणि डांबरी रस्ता यातला फरक नेहमी कळत नाही. दोन किलोमीटर वाचतात म्हणून ते शिवरस्त्यावर घालतात. मेमध्ये तिथून गाडी निघेल. जुलैमध्ये काळ्या मातीत चाक बसलं की माती चाकाला आणि मडगार्डच्या आत गच्च भरते, चाक फिरायचंच थांबतं, आणि मग ट्रॅक्टर बोलवण्याशिवाय इलाज नाही. गुगल मॅप्समध्ये महामार्ग, टोल आणि फेरी टाळायची सोय आहे. कच्चा रस्ता टाळायची सोय नाही.

शिवार

बालाघाट, हा मुद्दा फोनच्या विरोधात जात नाही, ॲपच्या निवडीचा आहे. ओस्मअँड आणि ऑरगॅनिक मॅप्स या दोन्हींत कच्चे रस्ते टाळायचा पर्याय आहे, आणि दोन्ही इंटरनेटशिवाय चालतात. दोन्हींचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा. त्यात पाणंद ‘ट्रॅक’ म्हणून किंवा कच्चा पृष्ठभाग म्हणून नोंदवलेली असेल तरच ॲप ती टाळेल. कुणी ती साधा रस्ता म्हणून रेखाटली असेल तर पर्याय चालू ठेवूनही उपयोग नाही. पण ही चूक कुणालाही खातं उघडून दुरुस्त करता येते. बंद पेटीतल्या, म्हणजे स्वतंत्र यंत्रातल्या, नकाशात ते जमत नाही, कंपनीच्या पुढच्या अपडेटची वाट पाहावी लागते.

आपल्याकडे खरी अडचण गावाच्या नावाची आहे. पिंपळगाव, वडगाव, टाकळी, त्यात पुन्हा बुद्रुक आणि खुर्द. नुसतं नाव टाकून पहिला पर्याय दाबला की माणूस भलत्याच तालुक्यात पोचतो. म्हणून पत्ता मागताना अक्षांश-रेखांश मागवा, आणि ते कोणत्या पद्धतीत आहेत ते बघा. इथेच लोक हमखास चुकतात. समजा, ठिकाण १९.८७६२, ७५.३४३३ आहे. हेच अंश-मिनिटांत १९° ५२.५७', ७५° २०.६०' होतं. अंशाचं चिन्ह गळून कुणी ते १९.५२५७, ७५.२०६० असं टाकलं, तर खूण सुमारे ४० किमी बाजूला पडते. स्वतंत्र यंत्रात सेटिंगमध्ये पद्धत बदलता येते, ती आधी दशांशावर आणा. फोनमध्ये व्हॉट्सॲपवरून आलेलं लोकेशन सरळ उघडतं. नुसती ही एक सोय धरली तरी डिलिव्हरीवाल्यांनी फोनच घ्यावा असं मी म्हणेन.

तारजोड

दोन्ही बाजू नकाशावर भांडताहेत. मी वायरिंगवर बोलतो, कारण ‘फोन चार्जच होत नाही, उलट उतरतो’ ही तक्रार बहुतेक वेळा वायरची असते.

हिशोब करा. स्वस्त केबलमध्ये वीज नेणारी तार २८ गेजची असते (गेजचा आकडा मोठा तेवढी तार बारीक). तिचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम. केबल दोन मीटरची, म्हणजे जाऊन-येऊन चार मीटर तार, ०.८५ ओहम. फोनने २ अँपियर ओढले तर तारेतच १.७ व्होल्ट पडतात. ५ चे उरले ३.३. एवढ्यावर बॅटरी भरत नाही, मग फोन ओढ कमी करतो आणि स्क्रीन नि जीपीएसचा खर्चही निघत नाही. हीच केबल २० गेजची घेतली तर फक्त पाव व्होल्टच्या आसपास पडतो. गेज केबलवर बारीक अक्षरात छापलेला असतो. केबल एक मीटरच्या वर नको, चार्जर २.४ अँपियरच्या खाली नको. ट्रकला २४ व्होल्ट असतात, तिथे चार्जरवर १२-२४ लिहिलेलं बघूनच घ्या, नुसता १२ चा जळतो.

लायटरचा सॉकेट सैल असेल तर खड्ड्यात संपर्क तुटतो आणि फोन दर वेळी टिणकन वाजतो. त्यापेक्षा फ्यूज बॉक्समधून थेट जोडणी करा. किल्लीवर चालू होणारा फ्यूज शोधा, त्यावर ॲड-ए-फ्यूजचा तुकडा (एका फ्यूजच्या जागी दोन फ्यूज बसवणारा) लावून ३ अँपियरचा वेगळा फ्यूज टाका, अर्थ बॉडीच्या रंग खरवडलेल्या बोल्टला. एअरबॅग आणि एबीएसच्या फ्यूजला हात लावू नका.

तिसरा पर्याय कुणी काढलाच नाही: अँड्रॉइड स्टिरिओ. त्यात पिवळी वायर कायम १२ व्होल्टला आणि लाल किल्लीच्या लाइनला. उलट जोडली तर किल्ली काढली की सगळं विसरतो, वर गाडीची बॅटरीही हळूहळू उतरवतो. त्याचा जीपीएस अँटेना डॅशबोर्डच्या आत पत्र्याखाली कोंबून ठेवतात आणि मग ‘लोकेशन उड्या मारतं’ म्हणतात. तो काचेखाली, आभाळ दिसेल असा, सपाट चिकटवा. काचेवर धातूचा थर असलेली सनफिल्म असेल तर कोणतंही यंत्र आत नीट सिग्नल धरणार नाही. फोन नाही, पेटी नाही. पावसाचे ढग मात्र काही बिघडवत नाहीत, तो नुसता समज आहे.

मांजराकाठ

तारजोडभाऊ, केबलचा हिशोब सगळ्यांनी सेव्ह करून ठेवावा असा आहे.

टॅब घेणाऱ्यांना एकच सांगतो: नुसत्या वायफायचा आयपॅड घेऊ नका, त्यात जीपीएस नसतोच. वायफायच्या काही अँड्रॉइड टॅबमध्येही नसतो. दुकानातच जीपीएसटेस्ट ॲप टाकून दाराबाहेर या, उपग्रहांचे पट्टे वर यायले का बघा. यूएसबीचा बाहेरचा जीपीएस रिसीव्हर ओटीजीनं (टॅबला यूएसबी उपकरण जोडायच्या केबलनं) जोडता येतो, त्यासाठी डेव्हलपर ऑप्शनमध्ये ‘मॉक लोकेशन ॲप’ (टॅबला बाहेरून लोकेशन पुरवणारं ॲप) निवडावं लागतं. पण ओटीजी लावल्यावर बरेच टॅब चार्ज होत नाहीत, म्हणून दिवसभरासाठी ती जोडणी टिकत नाही.

सिम नसेल तर सकाळी पहिल्यांदा थोडं थांबा. उपग्रहाची कक्षेची माहिती ३० सेकंदांच्या चक्रात येते आणि साधारण चार तास चालते. नेट असेल तर फोन ती आधीच उतरवून घेतो, नसेल तर आभाळातून घ्यावी लागते, आणि गाडी इमारतींमधून पळत असेल तर ती तुटत राहते. उघड्यावर एक मिनिट उभे राहून निघा. आणि बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून नकाशाचं ॲप वगळा, नाहीतर स्क्रीन बंद झाली की अँड्रॉइड ते मारून टाकतं.

बालाघाट

एवढं सगळं करावं लागतं, हेच तर मी म्हणतोय. मॉक लोकेशन, ऑप्टिमायझेशन, कव्हर काढा, एसी लावा. गाडीवर चालक बदलत राहतात. दर नव्या माणसाला हे कोण शिकवणार? बिगर-एसी टेम्पोत तर तुमचा जाळीचा उपाय लागूच होत नाही. तिथे फोन दुपारी एक ते चार बंदच पडतो, आणि तेव्हाच माल पोचवायचा असतो.

शिवार

बिगर-एसी गाडीपुरतं तुमचं पटतं. तिथे यंत्रच ठीक.

पण जड गाड्यांना यातलं काहीच पुरेसं नाही, हे ट्रकवाल्यांनी ध्यानात ठेवावं. संभाजीनगरहून धुळ्याला सरळ रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ५२, कन्नडच्या औट्रम घाटातून. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने त्या घाटात जड वाहनांना बंदी आली. कारसाठीचं ॲप किंवा यंत्र तरी घाटातूनच नेणार, कारण गाडी केवढी आहे हे त्याला ठाऊक नाही. ट्रकसाठीच्या यंत्रात उंची, लांबी, वजन भरता येतं. तरी घाटाची बंदी त्याच्या नकाशात उतरली आहे का, हे संभाजीनगर ते चाळीसगाव असा मार्ग घरीच काढून तपासून घ्या. घाटातून दाखवला तर कन्नडच्या अलीकडेच दुसऱ्या मार्गावरचा एक थांबा मधला मुक्काम म्हणून टाका.

तारजोड

कायद्याचंही एक. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२० मध्ये झालेल्या बदलानुसार, चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने फक्त मार्ग बघण्यापुरता हातातलं उपकरण वापरता येतं. तरी फोन मांडीवर किंवा हातात नको. होल्डर स्टिअरिंगच्या आडवा येऊ नये आणि एअरबॅगच्या झाकणावर तर मुळीच नको. ठिकाण टाकायचं ते गाडी उभी करून.

मांजराकाठ

बालाघाट, चालक बदलण्याचं म्हणालात ना? त्या टॅबमध्ये अँड्रॉइडचं ‘स्क्रीन पिनिंग’ चालू करा. त्यातला सोडवताना पिन विचारायचा पर्यायही चालू ठेवा. मग नकाशा उघडून स्क्रीनवर अडकवला की आकडी पिन टाकल्याशिवाय दुसरं ॲप उघडत नाही. आदल्या रात्री वायफायवर नकाशा अपडेट करायचा, ठिकाणं फेव्हरिटमध्ये टाकून ठेवायची. चालकाला फक्त यादीतलं गाव दाबायचं राहतं.