मर न लागणारी तूर यंदा मरायली, बियाण्यातली ताकद कमी होते का?

काळंरान_सेलू

रामराम मंडळी. सेलू तालुक्यातून लिहायलोय. आमच्याकडं बीएसएमआर ७३६ लाल तूर आहे, बरीच वर्षं झाली घरचंच बी ठेवतो अन् सोयाबीनमधी आंतरपीक म्हणून पेरतो. आधी शेजारच्या रानात तूर उबळली तरी आमची उभी राहायची, म्हणून तर हा वाण धरून बसलो. पण यंदा फुलावर आल्यापासनं मधी मधी झाडं माना टाकायलीत, सगळं रान नाही, पट्ट्यापट्ट्यानं. वरून हिरवं दिसतं अन् चार दिवसांत एक फांदी वाळती, मग सगळं झाड.

औषध कोणतं मारू हे विचारायला आलो नाही, ते दुकानदार सांगतोच. माझा प्रश्न वेगळाय. "प्रतिकारक वाण" म्हणतात म्हणजे त्या झाडाच्या आत नेमकं काय असतं? झाडाला रक्त नाही, पांढऱ्या पेशी नाहीत, मग बुरशी आत आली हे त्याला कळतं कसं? अन् हे जर जीन्समधीच लिहिलेलं असंल तर तेच बी दरसाल पेरून ते कमी कसं काय व्हायलंय? पोरगी बारावी सायन्सला आहे, तिच्या पुस्तकात थोडंसंच दिलंय, तिलाबी वाचून दाखवायचंय म्हणून जरा नीट सांगा.

बांधावरून_जालना

दादा आधी एक करा, वाळलेलं झाड मुळासगट उपटा अन् बुडाजवळचं खोड विळ्यानं उभं चिरा. आतल्या लाकडात काळपट-तपकिरी रेषा वर चढलेल्या दिसल्या तर ती मर, म्हणजे फ्युजेरियम उडम नावाच्या बुरशीचा रोग. पुष्कळदा बाहेरूनबी कळतं, बुडापासून वर जांभळसर पट्टा चढलेला असतो अन् तो ज्या बाजूला असतो त्याच बाजूच्या फांद्या आधी वाळतात. पण खोडावर जमिनीच्या जरा वर खोलगट काळा डाग असंल, तिथंच खोड मोडायलं असंल अन् पाणी साचलेल्या जागीच झाडं जायली असतील तर तो फायटोप्थोरा. तो खरं तर बुरशीच्या कुळातलाच नाही, नुसता बुरशीसारखा दिसतो, अन् मरला प्रतिकारक असलेला वाण त्याला प्रतिकारक असंलच असं नाही. लोक दोन्हीला मरच म्हणतात अन् मग वाणाला शिव्या घालतात.

शेंगशास्त्र_परभणी

वरचं अगदी बरोबर, ती तपासणी आधी करा. आता तुमच्या मूळ प्रश्नावर येतो, लांबण लागंल पण विषयच तसाय.

झाडात फिरणाऱ्या पेशी नसतात हे खरं, म्हणून तिथं प्रत्येक पेशीला स्वतःचा बंदोबस्त स्वतःच करावा लागतो. बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन नावाचा पदार्थ असतो, खेकड्याच्या कवचात असतो तोच, अन् झाडात तो नसतोच. बुरशी मुळाजवळ आली की झाडाचं कायटिनेज नावाचं एन्झाइम तिच्या भिंतीचे तुकडे पाडतं, अन् पेशीच्या बाहेरच्या बाजूला जी प्रथिनं असतात ती हे तुकडे धरतात. तुकडा बसला की काही मिनिटांत पेशीत कॅल्शियम आत शिरतं, हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, अन् एरवी बंद असलेले शेकडो जीन्स चालू होतात. कुणी भिंत जाड करतं, कुणी बुरशीला मारक रसायन बनवतं. हरभऱ्यात मेडिकार्पिन अन् मॅकिआइन ही अशीच रसायनं आहेत. हा पहिला थर जवळजवळ सगळ्या झाडांत असतो, गावरान असो की सुधारित, म्हणूनच मातीतल्या हजारो बुरश्यांपैकी फार थोड्याच तुरीला रोग लावू शकतात.

पण ज्या लावू शकतात त्या हा पहिला थर गुंगवायला शिकल्यात. त्या पेशीत छोटी छोटी प्रथिनं सोडतात, त्यांना इफेक्टर म्हणतात, त्यातली काही कायटिनचे तुकडेच झाकून टाकतात तर काही आतला निरोप मधीच तोडतात. इथं दुसरा थर लागतो, अन् तुमचा "प्रतिकारक वाण" म्हणजे बहुतेक वेळा हाच दुसरा थर. याला आर जीन्स म्हणतात. त्यांची प्रथिनं बहुतेक पेशीच्या आत दबा धरून असतात अन् एखादा ठरावीक इफेक्टर ओळखतात. ओळख पटली की ती पेशी पुष्कळदा स्वतःच मरते अन् बुरशीची वाट तिथंच बंद करते.

मरची बुरशी मुळातून शिरून पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत जाते, त्या नळ्यांच्या पेशी तर आधीच मेलेल्या असतात, मग ओळखणार कोण? शेजारच्या जिवंत पेशी. टोमॅटोत फ्युजेरियमविरुद्धचा आय-२ नावाचा जीन याच शेजारच्या पेशींत चालू असतो असं दिसून आलंय. त्या पेशी नळीत फुगवटे अन् डिंक सोडून ती नळी बुजवून टाकतात. हे वेळेवर झालं तर एखाद-दुसरी नळी जाते अन् झाड वाचतं. उशिरा झालं तर बुरशी वर निघून गेलेली असते, त्यात बऱ्याचशा नळ्या बुजल्या की वर पाणीच पोचत नाही, अन् तुम्ही म्हणता तसं हिरवं झाड चार दिवसांत वाळतं. जमिनीत ओल असूनबी.

ही ओळख एकास एक असते हे पहिल्यांदा दाखवलं अमेरिकेत नॉर्थ डकोटातल्या हॅरोल्ड फ्लोर यांनी, १९४० च्या दशकात, अन् ते पीक होतं जवस! आपल्याकडं आजी चटणी करायची तेच. जवसावरच्या तांबेऱ्याचा अभ्यास करताना त्यांना दिसलं की झाडातल्या प्रत्येक प्रतिकारक जीनला बुरशीत एक जोडीदार जीन असतो, दोन्ही जुळले तरच झाड वाचतं. मला ही गोष्ट फार भारी वाटते, कारण तेव्हा जीन म्हणजे कशाचा बनलेला असतो हेसुद्धा नक्की ठरलं नव्हतं.

आता ताकद कमी का झाली. जीन झिजत नाही. एक तर बुरशी बदलते, तिचा तो ओळखू येणारा इफेक्टर बदलला किंवा गळून पडला की झाडातला जीन जागेवर असूनबी आंधळा होतो. वसमत-अर्धापूर पट्ट्यातल्या केळीवाल्यांना हे लवकर पटंल. पूर्वी जगाच्या बाजारात ग्रोस मिशेल नावाची केळी होती, ती फ्युजेरियमच्या पहिल्या रेसनं, म्हणजे उपप्रकारानं, संपवली, मग कॅव्हेंडिश आली कारण ती त्या रेसला दाद देत नव्हती. आपली ग्रँड नैन कॅव्हेंडिशच आहे. अन् आता टीआर४ नावाची नवी रेस कॅव्हेंडिशलाच मारती, बिहार अन् उत्तर प्रदेशात ती सापडलीसुद्धा आहे. ऑस्ट्रेलियात एका जंगली केळीतला आर जीन कॅव्हेंडिशमधी घातला अन् २०२४ मधी त्या वाणाला मंजुरी मिळाली.

दुसरं कारण बियाण्याचं आहे अन् तुमच्या बाबतीत मला तेच जास्त वाटायलंय.

काळंरान_सेलू

खोड चिरून बघितलं, काळ्या रेषाच आहेत, वरपर्यंत गेल्यात. म्हणजे मरच. बियाण्याचं म्हणजे काय ते सांगा ना, बी तर मी निवडून ठेवतो, चांगल्या भरलेल्या झाडाचंच.

शेंगशास्त्र_परभणी

निवडता ते चांगलंच, पण आईच दिसती तुम्हाला, बाप दिसत नाही. तुरीच्या फुलावर मधमाशा अन् भुंगे किती असतात बघा, शेजारच्या रानातलं पराग त्या तुमच्या फुलावर आणून टाकतात. हरभऱ्यात असं जवळजवळ होत नाही, त्याचं फूल उमलायच्या आधीच आतल्या आत फळतं, म्हणून घरचा हरभरा बरीच वर्षं शुद्ध राहतो. तुरीत मात्र परपरागीकरण बऱ्यापैकी होतं, म्हणूनच प्रमाणित बियाण्याच्या प्लॉटला दुसऱ्या तुरीपासून किमान १०० मीटर अंतर ठेवावं लागतं. शेजारी मरला बळी पडणारी तूर असंल तर पहिल्या वर्षी काहीच कळत नाही, पुढच्या पिढ्यांत जीन्स वेगळे पडतात अन् एकाच ओळीत एक झाड उभं, एक झाड वाळलेलं असं दिसायला लागतं. दाणा लालच असतो, नाव ७३६ च असतं, पण आत सरमिसळ झालेली असते.

गोदाकाठ_ताई

माझं जरा वेगळं म्हणणं आहे. आमच्या सासूबाई गावरान तूर ज्वारीतच पेरायच्या, तेव्हा मरचं एवढं नाव नव्हतं. हे सुधारित वाण आले अन् रोग आले असंच आम्ही बघितलंय. गावरानात जास्त ताकद असती ना?

शेंगशास्त्र_परभणी

ताई, तुमच्या म्हणण्यात दोन गोष्टी आहेत अन् ज्वारीची तर सोळा आणे खरी आहे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या प्रयोगांतसुद्धा ज्वारीत घेतलेल्या तुरीला एकट्या तुरीपेक्षा मर कमी लागली असंच दिसलंय. आपण ज्वारी सोडून सोयाबीन धरलं, त्यात ही आडही गेली. अन् त्याच रानात दरसाल तूर घेतली की फ्युजेरियमचे जाड भिंतीचे बीजाणू मातीत साठत जातात, पीक नसतानाबी वर्षानुवर्षं टिकतात.

गावरानाचं मात्र सरसकट नाही म्हणता येत. गावरान म्हणजे मिसळण असती, काही झाडांत प्रतिकारक जीन असतो, काहींत नसतो, म्हणून सगळं रान एकदम जात नाही हे खरं. पैदासकारांनाही प्रतिकार शेवटी अशाच जुन्या वाणांतून शोधावा लागतो, इक्रिसॅटच्या जनुकपेढीत तुरीचे तेरा हजारांवर नमुने त्यासाठीच जपलेत. मरच्या बुरशीनं भरलेल्या मुद्दाम राखलेल्या रानात असे नमुने पेरतात अन् जे जगंल ते पुढं घेतात. तुरीचा पूर्ण जीनोम, म्हणजे सगळ्या जीन्सचा आराखडा, २०१२ मधी वाचून झाला, तोही आशा नावाच्या मर अन् वांझ (झाडाला शेंगाच न धरणारा रोग) दोन्हींना प्रतिकारक वाणाचा, त्यामुळं आता कुठला जीन कुठं बसलाय हे शोधणं सोपं व्हायलंय. तुमच्या घरी सासूबाईंच्या वेळचं बी अजून असंल तर कृपा करून मोडू नका, विद्यापीठाला त्याचा नमुना द्या.

बांधावरून_जालना

सेलूवाल्या दादांसाठी शेवटचं. पुढच्या साली थोडं का होईना पैदासकार किंवा प्रमाणित बी आणा, आमच्या बदनापूर केंद्राचं बीडीएन ७११ पांढरं किंवा ७१६ लाल बघा नाहीतर ७३६ च नवं घ्या. ते शेजारच्या तुरीपासून लांबच्या रानात पेरा, अन् पुढचं घरचं बी त्याच्या मधल्या ओळींतूनच धरा, बांधाकडच्या नको. पेरायच्या आधी बियाला ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी चोळा, तो मरच्या बुरशीला खातोच पण मुळाला लागला की झाडाची स्वतःची यंत्रणाबी आधीच जागी करतो. अन् ज्या पट्ट्यात यंदा झाडं गेलीत तिथं दोन-तीन वर्षं तूर नकोच, ज्वारी घ्या. वाळलेली झाडं मुळासगट काढून रानाबाहेर जाळा, रोटा मारून मातीत मिसळू नका.

काळंरान_सेलू

आमच्या बांधाला लागूनच शेजाऱ्याची तूर आहे, मरवाली, अन् मी बी धरायचो ते त्याच कडंच्या ओळींतून, तिकडं झाडं डेरेदार असायची म्हणून. पोरीला वाचून दाखवलं, ती म्हणती दोन जीन एका झाडात घातले तर बुरशीला दोन्ही चुकवावे लागतील, मग अवघड जाईल ना? हे खरंय का?

शेंगशास्त्र_परभणी

पोरीला शाबासकी द्या दादा. अगदी हेच करतात, त्याला जीन पिरॅमिडिंग म्हणतात. गव्हात तांबेऱ्यासाठी असे तीन-चार जीन एकत्र आणलेले वाण आहेत, अन् तुरी-हरभऱ्यात मार्कर (जीन कुठं आहे ते दाखवणाऱ्या डीएनएतल्या खुणा) वापरून तेच काम चालू आहे. बारावीनंतर तिला कृषीला यायचं असंल तर मला निरोप टाका.