मदत हवी आहे: स्केचबुकचं पान गोळा होतंय, शाई पसरतेय

मंडळी, गेले चार महिने दर रविवारी सकाळी पुण्यात कुठंतरी बसून स्केच करतोय, तुळशीबाग, विश्रामबागवाडा, परवा महात्मा फुले मंडई. १८८६ची ती इमारत, मधला अष्टकोनी मनोरा काढताना पर्स्पेक्टिव्हची पार वाट लागली, पण ते जाऊदे, तो सरावाचा भाग.

खरा प्रॉब्लेम वेगळाय. मी साध्या फाउंटन पेननं लाइन काढतो आणि वर वॉटरकलर मारला की सगळी शाई पसरते, भाजीवाल्या मावशींचा चेहरा निळा झाला हो! वही पण १२० जीएसएमची (जीएसएम म्हणजे कागदाचं वजन, आकडा मोठा तितका कागद जाड), पानं पापडासारखी वाकतात. पिगमेंट इंकचे (पाण्यात न विरघळणाऱ्या रंगकणांच्या शाईचे) वॉटरप्रूफ पेन घेऊ का, की पेनात वॉटरप्रूफ शाई भरली तर चालेल? ती आत वाळून निब जाम होते म्हणतात, कोणी वापरलीय का? आणि ३०० जीएसएमची वही खांद्यावरच्या झोळीत रोज वागवणं जड नाही होत?

अजून एक, गर्दीत माणसं काढताना ती हलतात नाहीतर मागं येऊन उभी राहतात, मग हातच चालत नाही. तुम्ही काय करता? आणि पानावर तारीख, चहाचं बिल वगैरे चिकटवता का नुसतं चित्रच ठेवता?